शांतिदास : वर्ध्याला आलेला इटालियन तत्त्वचिंतक

इटली म्हटले की आपल्या कॅथॉलिक घरांतून प्रथम आठवते ते रोम शहर, पोपमहोदयांचे निवासस्थान आणि असिसीचे संत फ्रान्सिस. तत्त्वज्ञानाचा विषय निघाला तर मात्र सुशिक्षित माणूसही ग्रीसकडे किंवा जर्मनीकडे वळतो. सॉक्रेटिस, प्लेटो, कांट, हेगेल ही नावे महाविद्यालयात शिकलेल्या तरुणांना ठाऊक असतात. इटलीने जगाला चित्रकार, शिल्पकार, संगीतकार आणि संत दिले, विचारवंत दिले ते इतरांनी, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झालेली आहे. ती खरी नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाचा पाया ज्यांच्या विचारांवर उभा आहे ते संत थॉमस अक्वायनस इटलीचेच, आणि ज्यांच्या चरित्राने महाराष्ट्रातील एका पिढीला स्वातंत्र्याचे वेड लावले ते जोसेफ मॅझिनीही इटलीचेच.

या मालिकेतील एक तत्त्वचिंतक १९३७ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात येऊन तीन महिने राहून गेले, ही गोष्ट मात्र वर्धेकरांनाही फारशी माहीत नाही. देवळीहून एस.टी.ने तासाभराच्या आत जेथे पोहोचता येते, त्या परिसरात ते टकळी-चरख्यावर सूत कातायला शिकले आणि गांधीजींनी ठेवलेले 'शांतिदास' हे नाव घेऊन परतले. ते कॅथॉलिक होते आणि मरेपर्यंत कॅथॉलिकच राहिले. त्यांचे नाव लान्झा देल व्हास्तो. ते वर्ध्याला का आले, येथून काय घेऊन गेले आणि त्याचा रोमच्या ख्रिस्तसभेशी पुढे काय संबंध आला, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. पण माणूस एकटा उगवत नाही. त्याच्या मागे परंपरा असते. म्हणून आधी थोडे त्या परंपरेविषयी.

परक्या विहिरीचे पाणी

रोमचे साम्राज्य कोसळल्यानंतरच्या काळात बोएथियस नावाचा एक विद्वान राजकारणी थिओडोरिक राजाच्या दरबारी मोठ्या अधिकारावर होता. राजद्रोहाचा आरोप येऊन तो तुरुंगात पडला आणि सुमारे ५२४ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. मरणाची वाट पाहत असताना त्याने तत्त्वज्ञानापासून मिळणाऱ्या सांत्वनावर जो ग्रंथ लिहिला, तो पुढे हजार वर्षे युरोपच्या मठामठांतून वाचला गेला. इटलीच्या उत्तरेस आओस्ता येथे १०३३ मध्ये जन्मलेले संत अन्सेल्म पुढे इंग्लंडमध्ये कँटरबरीचे महाधर्मगुरू झाले. श्रद्धा आधी आणि त्या श्रद्धेला समजून घेण्याची धडपड तिच्या मागोमाग, हा त्यांचा दृष्टिकोन. विचार करणे म्हणजे श्रद्धेशी बेइमानी नव्हे, हे त्यांनी ठामपणे मांडले.

तेराव्या शतकात या परंपरेला बहर आला. फ्रान्सिस्कन संघाचे संत बोनाव्हेंचर आणि डॉमिनिकन संघाचे संत थॉमस हे दोघेही इटलीचे. दोघेही पॅरिसला शिकवीत होते आणि दोघांचाही मृत्यू १२७४ या एकाच वर्षी झाला. थॉमस यांचा जन्म सुमारे १२२५ साली रोक्कासेक्का येथील सरदार घराण्यात झाला. मुलाने भिक्षेवर जगणाऱ्या संघात जाऊ नये म्हणून घरच्यांनी त्यांना वर्षभर अडकवून ठेवले. तरीही ते गेले.

थॉमस यांनी केलेली सर्वांत धाडसाची गोष्ट आज आपल्या सहज लक्षात येत नाही. त्यांनी आपल्या विचाराची चौकट घेतली ती ख्रिस्तापूर्वी तीनशे-साडेतीनशे वर्षे होऊन गेलेल्या अरिस्टॉटलकडून. त्याच्यावर भाष्य करणारे इब्न सिना आणि इब्न रुश्द हे मुसलमान होते, मोझेस मायमोनिडीझ हे यहुदी होते. या सर्वांचे ग्रंथ थॉमस यांनी आदराने अभ्यासले, जेथे पटले तेथे स्वीकारले, जेथे पटले नाही तेथे कारण देऊन नाकारले. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी त्याचा उगम पवित्र आत्म्यातच असतो, ही त्यांची श्रद्धा होती. अरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यावर १२१० साली पॅरिसमध्ये बंदी आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे धाडस कळते. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १२७७ मध्ये, पॅरिसच्या महागुरूंनी जी मते निषिद्ध ठरवली त्यांत थॉमस यांच्या शिकवणीशी जुळणारीही काही होती. पुढे १३२३ मध्ये याच थॉमस यांना संतपद देण्यात आले, आणि १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी परिपत्रक काढून त्यांचे तत्त्वज्ञान धर्मगुरूंच्या शिक्षणाचा आधार ठरवले. त्याच पोपमहोदयांच्या प्रेरणेने १८९३ मध्ये भारतीय धर्मगुरू घडवण्यासाठी श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी सुरू झाली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली. आपल्या मिस्सेत प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूंच्या विचाराची घडण अशा रीतीने इटलीतल्या एका भिक्षुकाशी जोडली गेलेली आहे.

परंतु इटलीच्या या इतिहासात केवळ संतपदेच नाहीत. १६०० सालच्या १७ फेब्रुवारीला रोममध्ये जोर्दानो ब्रूनो या विचारवंताला जिवंत जाळण्यात आले. त्याची बरीच मते ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत होती. पण मताला उत्तर अग्नीने द्यावयाचे नसते, हे समजायला फार काळ गेला. २००० सालच्या महोत्सवी वर्षी ख्रिस्तसभेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. अंतोनियो रोझमिनी हे तर सात्त्विक वृत्तीचे धर्मगुरू होते. ख्रिस्तसभेच्या दुखण्यांवर लिहिल्यामुळे १८४९ मध्ये त्यांचे दोन ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. त्यांनी मुकाट्याने आज्ञा पाळली. २००७ मध्ये त्याच रोझमिनींना धन्यवादित घोषित करण्यात आले. सत्याला वेळ लागतो आणि विचार करणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे दोन्ही धडे या इतिहासात आहेत.

नेपल्सचा जाम्बात्तिस्ता व्हिको (१६६८ ते १७४४) हा आणखी एक चिंतक येथे सांगितला पाहिजे. माणसाला खऱ्या अर्थाने तेच कळते जे त्याने स्वतः घडवलेले असते, हे त्याचे मुख्य सूत्र. निसर्ग ईश्वराने घडवला, म्हणून त्याचे पूर्ण ज्ञान ईश्वरालाच. इतिहास, भाषा, कायदे माणसाने घडवले, म्हणून त्यांचा उलगडा माणसाला होऊ शकतो. त्याच्या हयातीत त्याच्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. पण 'करून पाहिल्याशिवाय कळत नाही' हे जे आपले शेतकरी सहज बोलून जातात, त्याच्या फार जवळचे तत्त्व व्हिकोने अठराव्या शतकात ग्रंथरूपाने मांडले होते.

मॅझिनी महाराष्ट्रात

मराठी मनाला इटलीची ओळख झाली ती मात्र धर्मशास्त्रातून नव्हे, तर देशभक्तीतून. १८०५ मध्ये जेनोवात जन्मलेल्या मॅझिनींनी तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या इटलीला एक राष्ट्र करण्यासाठी सारे आयुष्य वेचले. त्यातील बराच काळ हद्दपारीत गेला. ते संघटक होते तसे तत्त्वचिंतकही होते. हक्कांच्या आधी कर्तव्ये, हा विचार त्यांनी १८६० मध्ये पुस्तकरूपाने इटलीतील कामगारांपुढे ठेवला. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले आणि त्यांनी मॅझिनींचे आत्मचरित्र व राजकारण मराठीत आणले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकावर इंग्रज सरकारने बंदी घातली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ च्या नोव्हेंबर महिन्यात, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिले. त्यात इटली आणि हिंदुस्थान यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. इटलीने शस्त्र हाती घेऊन परक्यांना घालवले, मग आपणही तसेच करावे, असे म्हणणाऱ्या तरुणांना गांधीजींनी तेथे उत्तर दिले आहे. सत्ता ऑस्ट्रियाकडून इटलीच्या राजाकडे गेली. पण मॅझिनींना हवे असलेले सामान्य जनतेचे स्वराज्य आले का, इटलीतील मजूर सुखी झाला का, असा त्यांचा प्रश्न होता. मात्र त्यांनी मॅझिनींना नाकारले नाही. पुस्तकाच्या शेवटी वाचण्यायोग्य ग्रंथांची जी यादी दिली आहे, तीत कर्तव्यांवरचे मॅझिनींचे पुस्तक आहे. एकाच इटालियन विचारवंतापासून आपल्या दोन थोर पुरुषांनी दोन निरनिराळे बोध घेतले. वर्ध्याला पुढे जे प्रयोग झाले त्यांचे मूळ या दुसऱ्या बोधात आहे.

१९३७ सालची इटली

आता आपण त्या वर्षाकडे येऊ ज्या वर्षी शांतिदास वर्ध्याला होते. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. १९३५ मध्ये त्याच्या सैन्याने अ‍ॅबिसिनियावर स्वारी केली, विषारी वायूचा वापर केला आणि १९३६ च्या मे महिन्यात त्या देशाची राजधानी ताब्यात घेतली. अशा वेळी इटलीतील तत्त्वज्ञ काय करीत होते?

जोव्हान्नी जेंतीले हे मोठे तत्त्वज्ञ. त्यांनी आपली प्रज्ञा सत्तेच्या सेवेला वाहिली. ते मुसोलिनीचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३२ मध्ये मुसोलिनीच्या नावाने निघालेल्या फॅसिझमवरील निबंधाचा तात्त्विक भाग त्यांनी लिहून दिला. त्यांचे एकेकाळचे स्नेही बेनेदेत्तो क्रोचे यांनी १९२५ मध्ये फॅसिझमविरोधी विचारवंतांचे निवेदन लिहिले आणि त्यानंतर नेपल्समधील आपल्या ग्रंथसंग्रहात बसून विरोधाचा दिवा मिणमिणता का होईना तेवत ठेवला. या दोघांचेही समग्र ग्रंथ १९३४ मध्ये ख्रिस्तसभेच्या निषिद्ध यादीत गेले. तिसरे अंतोनियो ग्रामची. ते साम्यवादी होते, ईश्वर मानीत नव्हते. १९२६ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. आजाराने पोखरलेल्या शरीराने त्यांनी तुरुंगात वह्यांवर वह्या लिहिल्या. प्रत्येक माणूस आपल्या परीने तत्त्वज्ञच असतो, हा त्यांतील एक विचार. त्या वह्यांत त्यांनी गांधीजींच्या निःशस्त्र प्रतिकाराचीही दखल घेतलेली आहे. २७ एप्रिल १९३७ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी रोमच्या एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

एक सत्तेच्या दरबारात, एक ग्रंथांच्या सहवासात आणि एक मृत्युशय्येवर. याच वर्षी चौथा इटालियन वर्ध्याच्या उन्हात जमिनीवर मांडी घालून सूत कातीत होता.

सेगावची वाट

लान्झा देल व्हास्तो यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी इटलीच्या दक्षिणेस सान व्हितो देई नोर्मान्नी या गावी झाला. वडील सिसिलीतील जुन्या सरदार घराण्यातले, आई बेल्जियमची. शिक्षण पॅरिस, फ्लॉरेन्स आणि पिसा येथे झाले. पिसाच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये प्रबंध सादर केला तो पवित्र त्रैक्याच्या विषयावर. संत थॉमस यांच्या ग्रंथांशी त्यांचा परिचय याच काळातला, आणि नावापुरत्या उरलेल्या त्यांच्या श्रद्धेला पुन्हा जीव आला तोही याच अभ्यासातून. ते कवी होते, चित्रे काढीत, लाकडात कोरीव काम करीत. प्राध्यापक होण्याची वाट मोकळी होती. पण युरोप दुसऱ्या महायुद्धाकडे घसरत चालला आहे हे त्यांना दिसत होते, आणि या घसरणीला आपल्या विद्यापीठीय तत्त्वज्ञानाकडे उत्तर नाही, हेही दिसत होते. रोमाँ रोलाँ यांनी लिहिलेले गांधीचरित्र त्यांच्या वाचनात आले होते. १९३६ च्या अखेरीस ते भारताकडे निघाले.

त्यावेळचे वर्धा म्हणजे जणू देशाची दुसरी राजधानी. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम चालू होते. ते काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तमिळनाडूतील ख्रिस्ती कुटुंबातील. येशूची शिकवण आणि तिचे आचरण यांवर त्यांनी पुढे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. गांधीजी स्वतः १९३६ च्या एप्रिल अखेरीपासून सेगावला राहायला गेले होते. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेव्हा ते कुडाचे, मातीचे, मलेरियाने गांजलेले एक साधे खेडे होते.

तेथे हा सहा फुटांहून उंच, सरदार घराण्यातला तत्त्वज्ञ येऊन दाखल झाला. आश्रमाच्या शिस्तीप्रमाणे त्याला हाताने काम करणे भाग होते. कापसापासून सूत, सुतापासून कापड हा सारा प्रवास त्याने बोटांनी समजून घेतला. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे हे शब्द आजही आठवतील. या कामात तत्त्वज्ञान कोठे आहे, असे कोणी विचारील. शांतिदासांच्या मते ते तेथेच होते. जो आपले अन्नवस्त्र दुसऱ्याच्या श्रमावर मिळवतो आणि त्या श्रमाचे मोल देत नाही, तो नकळत हिंसेत सहभागी असतो. हिंसा रणांगणावर सुरू होत नाही. ती आपल्या ताटापासून आणि कपड्यापासून सुरू होते. म्हणून शांतीची सुरुवातही तेथूनच करावी लागते. हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी ऐकून नव्हे, तर करून स्वीकारले. व्हिकोच्या देशबांधवाला शोभेल असाच हा मार्ग होता.

दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. कॅथॉलिक माणसाने हिंदू गुरूच्या पायाशी बसावे का? १९३७ साली हा प्रश्न सोपा नव्हता. अन्य धर्मांविषयी आदराने बोलणारा द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा यायला अजून २८ वर्षे होती. पण गांधीजींनी त्यांच्याकडे धर्मांतराची अपेक्षा केली नाही. प्रत्येकाने आपापल्या धर्मात राहून अधिक चांगला व्हावे, हीच त्यांची भूमिका होती. शांतिदासांनीही आपला धर्म सोडला नाही, लपवला नाही आणि पातळही केला नाही. अरिस्टॉटलकडून शिकताना संत थॉमस यांनी जे केले तेच त्यांनी गांधीजींकडून शिकताना केले. १९४२ मध्ये सेवाग्रामला आलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी नोंदवून ठेवले आहे की, गांधीजींच्या मातीच्या कुटीत भिंतीवर एकच चित्र होते, ते येशू ख्रिस्ताचे, आणि त्याखाली ख्रिस्त हाच आपली शांती आहे या अर्थाचे संत पौलाचे शब्द होते. १९३१ मध्ये रोमला गेले असता व्हॅटिकनमधील क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती पाहून गांधीजींना गहिवरून आले होते. त्या भेटीत त्यांना पोपमहोदय भेटू शकले नाहीत, पण क्रूसावरचा ख्रिस्त भेटला. तेव्हा वर्ध्याला आलेल्या इटालियन कॅथॉलिकाला तेथे ख्रिस्त अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

तीन महिन्यांनंतर शांतिदास पायी हिमालयाकडे गेले. गंगेच्या उगमाजवळ असताना, परत जा आणि कार्य उभे कर, अशी अंतरीची हाक त्यांना ऐकू आली. ते युरोपला परतले. या यात्रेचे वर्णन करणारे त्यांचे फ्रेंच पुस्तक १९४३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. त्यावेळी त्या शहरावर जर्मन सैन्याचा ताबा होता. वर्ध्यातील त्या तीन महिन्यांवर त्यात एक सबंध प्रकरण आहे. युद्धाच्या अंधारात असंख्य फ्रेंच वाचकांना सेगाव आणि वर्धा ही नावे प्रथम कळली ती या पुस्तकातून.

रोममधील चाळीस दिवस

१९४८ मध्ये शांतिदास आणि त्यांच्या पत्नी सिमॉन, ज्यांना सारे शांतरेल या नावाने ओळखीत, यांनी फ्रान्समध्ये 'आर्श' म्हणजे तारू, नोहाचे तारू, या नावाने एक कुटुंबसमूह उभा केला. पुढे मतिमंद बांधवांसाठी त्याच नावाची जी दुसरी संस्था निघाली ती निराळी. शांतिदासांच्या तारवात विवाहित कुटुंबेही होती आणि अविवाहित व्यक्तीही. शेत नांगरायचे घोड्यांनी, कापड विणायचे स्वतः, वीज वापरायची नाही. सात व्रते होती : श्रम, आज्ञापालन, जबाबदारी, चित्तशुद्धी, अपरिग्रह, सत्य आणि अहिंसा. सेवाग्रामची एकादश व्रते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे नाते लगेच ओळखू येईल. प्रत्येकाने आपल्या धर्मात दृढ राहावे, हाही तेथील नियम. १९५४ मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि पवनारच्या विनोबांबरोबर भूदानयात्रेत चालले.

१९५७ मध्ये अल्जीरियातील युद्धात फ्रेंच सैन्याकडून होणाऱ्या कैद्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी उपवास केला. पण सर्वांत मोठा उपवास घडला तो रोममध्ये, १९६३ च्या प्रायश्चित्तकाळात. आदल्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या कड्यापर्यंत जाऊन आले होते. व्हॅटिकन परिषदेचे पहिले सत्र आटोपले होते. ख्रिस्तसभेने युद्धाविषयी स्पष्ट बोलावे, एवढीच शांतिदासांची प्रार्थना होती. निदर्शने नाहीत, घोषणा नाहीत. ६१ वर्षांचा तो माणूस चाळीस दिवस पाण्यावर राहिला. उपवासाच्या अखेरीस व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल चिकोन्यानी यांच्याकडून शांतरेलबाईंच्या हाती एका नव्या परिपत्रकाची प्रत आली. ११ एप्रिल १९६३, पवित्र गुरुवार या दिवशी पोप जॉन तेविसावे यांनी 'पृथ्वीवर शांती' हे परिपत्रक जगाला दिले. ते केवळ कॅथॉलिकांना नव्हे, तर सर्व सद्भावी माणसांना उद्देशून होते. अणुयुगात युद्ध हे न्याय मिळवण्याचे साधन मानणे विवेकाला धरून नाही, असे त्यात म्हटले होते. ते परिपत्रक उपवासामुळे निघाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पोपमहोदयांची तयारी आधीपासून चालू होती. पण पोपमहोदय लिहीत असताना त्याच शहरात एक गृहस्थाश्रमी मनुष्य त्यासाठी उपाशी राहून प्रार्थना करीत होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दोन वर्षांनी स्त्रिया पुढे आल्या. १ ऑक्टोबर १९६५ पासून दहा दिवस शांतरेल यांच्या पुढाकाराने सुमारे वीस स्त्रियांनी रोममध्ये उपवास केला. त्यांत अमेरिकेत गरिबांसाठी आयुष्य वाहिलेल्या डोरोथी डे होत्या. परिषदेला जमलेल्या महागुरूंनी शांतीसाठी बोलावे, ही त्यांची विनंती. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात सबंध शहरांचा संहार करणाऱ्या युद्धकृत्यांचा निःसंदिग्ध निषेध आहे आणि सदसद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीची वागणूक द्यावी असा आग्रहही आहे. परिषदेच्या सभागृहात त्या स्त्रियांना मत नव्हते. त्यांनी आपले मत अन्न वर्ज्य करून नोंदवले.

शेतकऱ्यांशी संबंधित एक घटना सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. १९७१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने लार्झाक पठारावरील लष्करी तळ ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे ठरवले. मेंढपाळ शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९७२ मध्ये शांतिदासांनी त्यांच्या गावी जाऊन पंधरा दिवस उपवास केला. १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. दहा वर्षे ते अहिंसक मार्गाने झगडले आणि १९८१ मध्ये सरकारने ती योजना रद्द केली. तो दिवस पाहायला शांतिदास नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्पेनमध्ये त्यांनी देह ठेवला होता.

आपल्यासाठी

हा इतिहास सांगायचा तो केवळ अभिमानासाठी नव्हे. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबांपुढे यातून दोन-तीन प्रश्न उभे राहतात, आणि ते टाळता येण्यासारखे नाहीत.

पहिला प्रश्न शेजारधर्माचा. आपण येथे संख्येने फार थोडे आहोत. थोडे असणाऱ्यांच्या मनात एक भीती असते की, दुसऱ्याकडून काही घेतले तर आपले हरवेल. संत थॉमस आणि शांतिदास यांचे उदाहरण वेगळे सांगते. ज्याची मुळे खोल असतात त्याला दुसऱ्या विहिरीच्या पाण्याचे भय नसते. हरवतो तो, ज्याने आपल्या धर्माचा अभ्यासच केलेला नसतो. म्हणून शेजाऱ्याच्या भजनाला, त्याच्या संतांच्या वचनांना घाबरण्यापेक्षा आपल्या मुलांचे धर्मशिक्षण सखोल करणे हा अधिक योग्य मार्ग होय.

दुसरा प्रश्न श्रमाचा. आपली काळी जमीन कापसाची आहे. याच कापसाने शांतिदासांना तत्त्वज्ञान शिकवले आणि याच कापसाच्या कर्जापायी आपल्या भागातील शेतकऱ्यांनी जीव दिलेले आहेत. शिकलेला मुलगा शेतात पाऊल ठेवायला लाजतो आणि आईबापांनाही त्याचे भूषण वाटते. पिसाच्या विद्यापीठाचा पदवीधर ज्या मातीत बसून हाताने काम करायला शिकला, त्या मातीतल्या मुलांना हाताच्या कामाची लाज वाटावी, हे दुर्दैव आहे. शिक्षण जरूर घ्यावे; पण श्रम करणाऱ्याला कमी लेखणारे शिक्षण अपुरे आहे, हे घरातूनच सांगितले गेले पाहिजे. नाझरेथच्या सुताराच्या अनुयायांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

तिसरा प्रश्न शांतीचा. आपल्या देवळी तालुक्यात, पुलगावला, देशाचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागून स्फोट झाले आणि कर्तव्यावरील जवान व अग्निशमन दलाचे कर्मचारी प्राणास मुकले. एकाच जिल्ह्यात दारूगोळ्याचे हे आगार आहे आणि गांधीजींची मातीची कुटीही आहे. देशाच्या संरक्षणासाठी उभ्या असलेल्या माणसांविषयी आपल्या मनात कृतज्ञताच असली पाहिजे. तथापि शस्त्रांच्या साठ्याने शांती निर्माण होत नाही, हे पोप जॉन यांनी सांगितले, त्याच्याही आधी सेगावात सांगितले गेले. घरातील भांडण, भाऊबंदकीचा धुऱ्याचा वाद, धर्मग्रामातील दोन गटांची अढी, यांत आपण कोणता मार्ग धरतो यावर त्या शिकवणीची आपल्यापुरती कसोटी लागते.

सेवाग्रामला पाहुणे घेऊन जाणाऱ्या आपल्यातील कुटुंबांनी बापू-कुटी दाखवताना मुलांना एवढे जरूर सांगावे की, येथे १९३७ साली इटलीहून एक कॅथॉलिक तत्त्वज्ञ आला होता, तो येथे कातायला शिकला, आणि येथे शिकलेले उपवासाचे व्रत त्याने पुढे रोमपर्यंत नेले.